दुसरा हात

सिझ्रान, १४ सप्टेंबर

माननीय इन्ना रोदिओनोव्हना,

आमच्या क्रीडाशाळेची तालबद्ध जिम्नॅस्टिक्सची विद्यार्थिनी स्नेझाना गुर्येवा येत्या सोमवारी तुमच्या शिबिरात हजर होईल. तपासणीचे कागद सोबत जोडले आहेत. मुलीला राष्ट्रीय संघाच्या शिबिरात पाठवताना प्रशिक्षकाने चार शब्द लिहावेत असा नियम आहे, म्हणून लिहिते. नियम नसता तर लिहिलं नसतं.

स्नेझाना सतरा वर्षांची आहे. मी सिझ्रानला परत आले त्याच हिवाळ्यात तिची आई रोझा तिला माझ्या हॉलमध्ये सोडून गेली. रोझा बसवर कंडक्टर, घरी पोरीला सांभाळायला कुणी नाही. मला म्हणाली, "लवचिक वगैरे काही नाही हो ही, फक्त संध्याकाळपर्यंत उबेत बसू दे." पोर आठवडाभर गरम पाण्याच्या नळीला टेकून नाक पुसत बसली. नंतर एकदा कुणाचा तरी चेंडू घरंगळत गेला, तर तिने मान न वळवता तो पायाने थांबवला. तेव्हापासून ती माझी.

पाय उत्तम. पाठ जरा आखडते, थंडीत जास्त वेळ तापवावी लागेल. पाठमोरी राहून झेल घ्यायला अशी मुलगी तुम्हाला दुसरी मिळणार नाही. काट्यावर उभं करून चार जणींसमोर वजन ओरडून सांगितलंत तरी रडणार नाही, पण दुसऱ्या दिवशी जेवणार नाही, तेव्हा ते करू नका.

एक सवय सांगून ठेवते. ती हात वर करत नाही. हा गुण समजायचा की दोष, ते तुम्ही ठरवा.

कापितोलिना अर्काद्येव्हनांच्या अंत्यविधीला तुम्ही शवपेटीच्या उजवीकडे होतात. मी डावीकडे होते. आपल्या दोघींच्या मध्ये आपली कोच निजलेली होती, आणि तुम्ही तिच्या कपाळावर ओठ टेकताना माझ्याकडे न बघण्याची फार काळजी घेतलीत. टोपी मात्र छान होती.

आपली,
एल्विरा माराटोव्हना नासिरोव्हा
प्रशिक्षक


सिझ्रान, २१ ऑक्टोबर

इन्ना रोदिओनोव्हना,

तुमचं उत्तर मिळालं. "विद्यार्थिनी पोहोचली. सहकार्याबद्दल आभार." खाली गोल शिक्का. तेरा वर्षांनी तुमचा शब्द आला आणि तोही टाइप केलेला!

स्नेझाना रविवारी फोन करते. परवा म्हणाली, "एल्विरा माराटोव्हना, मला दुसऱ्या जागेवर उभं केलंय. रिंगांच्या खेळात शेवटचा झेल माझा. इन्ना रोदिओनोव्हना म्हणाल्या, या जागेवर पूर्वी फार चांगली मुलगी होती."

"नाव सांगितलं का?"

"नाही. तुम्ही ओळखता तिला?"

"ऐकून आहे," म्हटलं.

आता हे तुम्ही-बिम्ही पुरे झालं. इन्का, तुला लाज नाही वाटली? माझी जागा माझ्याच पोरीला दिलीस, आणि माझं नाव घ्यायला तुझी जीभ जड झाली!

इथल्या दाताच्या दवाखान्यात एक जुनं मासिक पडलेलं असतं. त्यात तुझी मुलाखत आहे, फोटोत गळ्यात पदक. म्हणे, "आमच्या कोच कापांनी आम्हाला प्रामाणिकपणा शिकवला. आजही मी त्यांच्याच पद्धतीने काम करते. रिंग पडली की विचारते, कुणाची? आणि मुली स्वतः हात वर करतात." वाचून माझी बधिर केलेली दाढसुद्धा ठणकली. ज्या अर्थी तू जगाला एवढं सांगतेस, त्या अर्थी उरलेलं मी सांगते. ऐक.

कापाचा नियम तू अर्धाच सांगितलास. तालमीत काही पडलं की संगीत थांबायचं आणि ती गालिच्याच्या कडेवरून एकच शब्द टाकायची, "कुणाची?" जिची चूक तिने हात वर करायचा, फेकणारी असो वा झेलणारी. सबब नाही, रडारड नाही. हात वर गेला की तो शब्द अखेरचा, व्हिडिओत काही का दिसेना. आणि दोन हात वर गेले, तर ती म्हणायची, "म्हणजे गालिच्याची. चला, पुन्हा." मग कुणालाच शिक्षा नाही. हे अर्धं तू मासिकवाल्यांना का सांगितलं नाहीस?

आपण पाची जणींनी त्या गालिच्यावर किती चुका ढकलल्या! मी ताप अंगावर काढून नाचत होते तेव्हा माझ्या हातामागून तुझा हात यायचा. तुझा गुडघा सुजला तेव्हा तुझ्यामागून माझा. कापाला सगळं कळत होतं. ती म्हणायचीसुद्धा, "काय पण गालिचा आहे, रोज चुकतो, याला आता घरी पाठवायला हवं." आपण हसायचो आणि पुन्हा उभ्या राहायचो. त्या दोन हातांवर मी दोनदा जगज्जेती झाले. तूही झालीस.

मग युरोपच्या स्पर्धेची ती सकाळ. हॉटेलच्या न्हाणीघरात तू मला बोलावलंस. तुझा अंगठा वांग्यासारखा काळानिळा झाला होता. तू म्हणालीस, "एल्या, कापाला कळलं तर ती राखीव सहावीला घेईल. बांध ना." मी कातडीच्या रंगाच्या पट्टीने असा बांधला की तुझ्या आईलाही दिसला नसता. संध्याकाळी शेवटच्या फेकीला तुझी रिंग आखूड आली. मी पाठमोरी होते, हात जिथे असायला हवा तिथे होता, आणि रिंग माझ्या टाचेमागे पडून थेट पंचांच्या टेबलाखाली गेली. आपण तिसऱ्या आलो.

मागच्या बोळात कापाने विचारलं, "कुणाची?"

मी हात वर केला. हिशेब सरळ होता. तू एकटीने हात वर केला असतास तर कापाने विचारलं असतं, फेक आखूड का गेली, हात दाखव. माझा हात आधी गेला की मागून तुझा येईल, दोन हात झाले की ती काही विचारणार नाही, आणि तुझा अंगठा वाचेल. मी तुझ्याकडे पाहिलं. तू तुझ्या बुटांच्या नाड्यांकडे पाहत होतीस. कापा थांबली. एरवी ती कधी थांबत नसे. माझा खांदा भरून आला तरी ती थांबली होती. आज मी स्वतः कोच आहे म्हणून समजतं, तीही तुझ्या हाताची वाट बघत होती.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, मला घरी पाठवलं. शरद ऋतूत सहावी माझ्या जागेवर उभी राहिली आणि तुम्ही जगज्जेत्या झालात. इथे आमच्या घरी आईने टीव्हीचा आवाज बंद केला होता. बाबा म्हणाले, "अगं, संगीत तरी ऐकू दे पोरीला."

स्नेझानाच्या पाठीला रोज गरम विटेचा शेक लागतो. सिझ्रानमध्ये मी देत होते, आता तू दे.

एल्विरा


सिझ्रान, २८ डिसेंबर

इन्का,

मागच्या पत्राला उत्तर नाही. कानांवर हात ठेवण्यात तू पहिल्यापासून पटाईत, त्या बाबतीत तुझे हात चटकन वर जातात. असो. नवीन वर्ष आलंय आणि रोझाने लेकीसाठी खोका भरलाय, त्यात हे पत्र सरकवते.

खोक्यात लोकरीचे मोजे आहेत, आणि त्यांत गुंडाळलेला आटीव दुधाचा डबा आहे. तो काढून घेऊ नकोस. आठवतं, आपण तो संडासाच्या टाकीत लपवला होता, आणि पाचीजणी एकाच चमच्याने पाळीपाळीने खात होतो? कापाने टाकी उघडली, डबा बाहेर काढला, आणि एवढंच विचारलं, "कुणाचा?" पाचही हात वर. ती म्हणाली, "म्हणजे टाकीचा," आणि उरलेलं दूध उभ्या उभ्या स्वतः चाटून संपवलं. हे आठवलं की अजून हसू येतं आणि मग तुझ्यावरचा राग दुप्पट होतो.

स्नेझाना खूश आहे. तुझ्याबद्दल वाईट बोलत नाही. मी फार खोदून विचारलं तरी नाही. तिच्या पलंगाला पलंग लावून ताया नावाची मुलगी आहे म्हणे, किनेश्माची. तिचे आजोबा व्होल्गातले मासे वाळवून पाठवतात, सगळ्या खोलीला वास मारतो, आणि ती सगळ्यांत आधी स्नेझानाला देते. "ताया मला शेवटची रिंग फेकते," स्नेझाना म्हणाली. "अशी फेकते एल्विरा माराटोव्हना, की मी डोळे मिटूनही झेलीन."

"डोळे उघडे ठेव," मी म्हटलं.

पहिल्या पत्रात मी लिहिलं होतं की ती हात वर करत नाही, आणि ते सवय म्हणून सांगितलं होतं. सवय कसली! मी लावली ती. माझ्या हॉलमध्ये "कुणाची?" विचारत नाहीत. मी सांगितलंय, ज्याला चूक शोधायची असेल त्याने डोळे वापरावेत, आपण आपल्या हाताने आपला गळा धरायचा नाही. सप्टेंबरमध्ये गाडी सुटताना मी डब्याच्या पायरीवर उभी राहून स्नेझानाला पुन्हा बजावलं, "काहीही होवो. कुणीही विचारो. कुणी कितीही जिवाभावाची असो. हात खाली." रोझा बाजूला डोळे पुसत होती, ती म्हणाली, "अगं बाई, निरोपाला हे काय बोलणं?" मी म्हटलं, याहून मोठा आहेर माझ्याकडे नाही.

तुझ्यासारखीच्या हाताखाली पाठवायची तर चिलखत घालूनच पाठवणार ना.

नवीन वर्ष तुला जसं मिळायला हवं तसं मिळो.

एल्विरा


सिझ्रान, ४ एप्रिल

इन्ना,

काल स्पर्धा टीव्हीवर पाहिली. हॉलमध्ये शाळेचा टीव्ही लावला होता, सगळ्या मुली, त्यांच्या आया, झाडणारी क्लावा मावशी, सगळे. शेवटच्या फेकीपर्यंत क्लावा मावशी श्वास घेत नव्हती. मग रिंग पडली. स्नेझानाच्या मागे पडली आणि गालिच्याबाहेर गेली. क्लावा मावशीने देवाचं नाव घेतलं आणि मी टीव्ही बंद केला.

आज संध्याकाळी स्नेझानाचा फोन आला. आवाज अगदी कोरडा. म्हणाली, तू मागच्या बोळात सगळ्यांना उभं केलंस आणि विचारलंस. तायाने हात वर केला. एकटीने. आज सकाळी तायाची पिशवी भरली आणि तिला किनेश्माच्या गाडीत बसवलं. शरद ऋतूतल्या जागतिक स्पर्धेला तायाच्या जागी सहावी उभी राहणार.

आता यात तुझं काही चुकलं असं मी म्हणत नाही. फेक आखूड होती. टीव्हीवर कोन वाईट होता, नीट दिसत नव्हतं, पण आखूडच असणार. झेलणारी पाठमोरी असते, तिला बिचारीला काय दिसणार? ज्या पोरीने फेकलं तिने स्वतःच कबूल केलं म्हटल्यावर प्रश्नच मिटला. नियम म्हणजे नियम, तूच मासिकात सांगितलंस.

मला एवढंच हवंय की स्नेझानाची जागा पक्की आहे असं तू लिहावंस. तेरा वर्षं मी या पोरीच्या पाठीला वीट शेकली आहे. माझ्याकडे दुसरं काही नाही. पाचातली तिची जागा गेली तर मला परत उभं राहता येणार नाही, हे मी तुला, तुला म्हणून, सांगते आहे. दोन ओळी लिही, टाइप केल्यास तरी चालतील.

एल्विरा


सिझ्रान, १९ एप्रिल

इन्का,

तू हाताने लिहिलंस. अक्षर अजून तसंच आहे, डावीकडे कलंडलेलं.

"एल्या, स्नेझानाची जागा पक्की आहे. फेक बरोबर होती. तुझी पोर अर्धा ताल आधी निघाली. पण हात एकच वर गेला, आणि नियम तुला माहीत आहे."

तेरा वर्षांनी मला एल्या म्हटलंस, ते यासाठी!

म्हणजे तुला दिसलं होतं. डोळ्यांनी दिसलं होतं, आणि तरी तू त्या पोरीला गाडीत बसवलंस. कापा थांबली होती तशी तू निदान थांबलीस का? की तुला दुसऱ्या हाताची सवयच नाही?

आणि मलाही दिसलं होतं. कोन चांगला होता. रिंग जिथे यायला हवी तिथे आली, फक्त तिथे स्नेझाना नव्हती. टीव्ही मी बंद केला तो यासाठीच, की पुन्हा दाखवतील आणि मुली बघतील.

सगळं लिहिते आहे तर हेही लिहिते. तुझं पत्र वाचून मला आधी आनंद झाला. जागा पक्की, हे वाचून मी स्वयंपाकघरात एकटीच टाळी वाजवली. ताया मला मागाहून आठवली, केटली उकळल्यावर. चहा तसाच राहिला.

पण मी गप्प बसणार आहे. माझी पोर आत आहे. तू माझ्याविषयी काय समजायचं ते समज, आपण आता एकाच माळेचे मणी झालो.

एल्विरा


सिझ्रान, ३० सप्टेंबर

इन्ना,

अभिनंदन. जगज्जेत्यांची कोच झालीस. रिंग शेवटपर्यंत हवेत आणि हातांत राहिली, मी पूर्ण वेळ उभी राहून पाहिलं. सहावी ठीक फेकते. तायाएवढं नाही.

स्नेझाना तीन दिवसांसाठी आली होती. स्टेशनवर बँड, नगराध्यक्ष, स्वागताचं मीठ-भाकरीचं तबक, सगळं झालं. रोझाची बस त्या दिवशी फुकट चालली असं लोक सांगतात, मला खरं वाटत नाही, पण रोझा रडत रडत तिकिटं द्यायला विसरली असेल. माझ्या छोट्या मुलींनी पदक चाटून पाहिलं. एक म्हणाली, "गोड नाहीये." सगळे हसले, मीही हसले.

दुसऱ्या दिवशी स्नेझाना माझ्याकडे जेवायला आली. मी पेल्मेनी उकडल्या होत्या, कापा ज्यांना मांसाच्या करंज्या म्हणून नाक मुरडायची त्याच. तिने तीन खाल्ल्या आणि ताटली बाजूला सारली. मग ताटली धुवायला उठली. पाठमोरी होती. मला काय झालं कुणास ठाऊक, मी म्हटलं, "कुणाची?"

तिने नळ बंद केला नाही. "काय कुणाची?"

"एप्रिलमधली."

"तायाने हात वर केला ना, तिची म्हणून."

"मी तायाला विचारत नाहीये."

तेव्हा ती वळली. हात पुसले, अगदी सावकाश, एकेक बोट. "मी लवकर निघाले. मला वाटलं संगीत संपलं. तायाने हात वर केला आणि माझ्याकडे बघितलं, एल्विरा माराटोव्हना. तिला वाटलं मी पण करीन. आम्ही नेहमी तसंच करायचो खोलीत, मासे कुणी खाल्ले, दिवा कुणी चालू ठेवला, दोघींचे हात वर, की झालं. ती बघत राहिली."

"आणि तू?"

"मी बुटांकडे बघत होते."

इन्का, बुटांकडे!

"तुला वाईट नाही वाटलं?"

"वाटलं की. बाथरूममध्ये जाऊन रडले. पण तुम्हीच सांगितलं होतंत ना? कुणी कितीही जिवाभावाची असो. मला तुमचा आवाज ऐकू येत होता तिथे, स्पष्ट, डब्याच्या पायरीवर उभ्या होतात ना तसा. माझा हात वर यायला लागला होता. खरंच. तुमचा आवाज आला म्हणून खाली ठेवला." मग तिने मला मिठी मारली आणि म्हणाली, "तुम्ही नसतात तर आज मी तायासारखी घरी बसले असते. हे पदक तुमचंच आहे." गळ्यातून काढून तिने ते मीठदाणीशेजारी ठेवलं.

मी तिला विचारलं, ताया काय करते. तिला माहीत नव्हतं. "आजोबांनी मासे पाठवायचे बंद केले," एवढंच म्हणाली, जणू चूक आजोबांची.

तेरा वर्षं मी तुला शिव्या घातल्या आणि तेरा वर्षं, रोज, चांगली वीट शेकून, तुलाच वाढवलं. नुसती सोय म्हणून तू गप्प बसलीस, वीस वर्षांची होतीस, घाबरली होतीस. ही घाबरली नव्हती. हिला शिकवलेलं होतं. पेरावं तसं उगवतं म्हणतात, आणि पीक बघ काय जोमदार आलंय, गळ्यात पदक घालून!

मला तुझ्याशी भांडायचं आहे आणि भांडायला काही उरलेलं नाही. याचाच मला सर्वांत जास्त राग येतो.

एल्या


सिझ्रान, ७ ऑक्टोबर

इन्का,

काल हॉलमध्ये दहा वर्षांच्या मुलींची तालीम होती. रिंग पडली. मी संगीत थांबवलं आणि आयुष्यात पहिल्यांदा माझ्या हॉलमध्ये विचारलं, "कुणाची?"

पाचीजणी सरळ उभ्या. हात मांड्यांना चिकटवलेले, बोटंसुद्धा ताठ. एकीचीही पापणी हलली नाही. काय सुरेख शिस्त, इन्का! त्यांतली एक, नाक वाहणारी, माझ्याकडे शाबासकीच्या आशेने बघत होती. क्लावा मावशी दारात बादली घेऊन उभी होती, ती म्हणाली, "माझी गं बायांनो, माझी चूक, मी फरशी ओली ठेवली." फरशी कोरडी होती. मला मुलींसमोर रडू आलं.

म्हणून आता नीट ऐक. मी आज किनेश्माला जाते आहे. तायाला सांगणार आहे की तिची फेक बरोबर होती, तिच्या कोचसमोर सांगणार, आजोबांसमोर सांगणार. मग तिला घेऊन सोमवारी सकाळी तुझ्या शिबिराच्या फाटकाशी उभी राहणार. यायला तयार झाली तर. नाही झाली तर एकटी.

काल रात्री स्नेझानाला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, "तुम्ही माझी जागा घालवताय." मी म्हटलं, "कदाचित." ती म्हणाली, "मग पुन्हा मला फोन करू नका, एल्विरा माराटोव्हना," आणि ठेवून दिला. रोझा सकाळी माझ्या घरी आली होती. तिने मीठदाणीशेजारचं पदक उचललं, रुमालात बांधलं आणि गेली. तेरा वर्षांत माझ्याकडे ती नेहमी बूट काढून यायची. आज बुटांसकट आली.

तर पोर गेली. तुझ्याकडून मला आता काही मिळवायचं नाही, त्यामुळे हे मागणं तरी खरं समज. तू तुझ्या मासिकात अर्धा नियम सांगितलास, उरलेला अर्धा अजून लागू आहे. सोमवारी सगळ्या मुलींना गालिच्यावर उभं कर आणि एप्रिलच्या रिंगेबद्दल पुन्हा विचार. हात मी वर करीन. चूक माझी आहे, स्नेझानाचा हात मी धरून ठेवला होता. पण एक हात वर गेला तर तू कुणाला तरी घरी पाठवणार, तुला तेवढंच येतं. दोन हात गेले तर चूक गालिच्याची, आणि ताया आत, स्नेझानाही आत, सहावीही तिच्या जागी. कुणी कुणाच्या अन्नात माती कालवायची नाही. त्यासाठी दुसरा हात लागतो, आणि तो मुलींपैकी कुणाचा नको आहे मला.

तुला नोकरीची भीती वाटेल. तेव्हाही अंगठ्याची वाटली होती. अंगठा बरा झाला ना?

गाडीची वेळ झाली. सोबत डबा घेतलाय, आटीव दुधाचा, चमचा एकच आहे.

सोमवारी मी हात वर करून मुलींकडे बघत उभी राहीन. मागच्या वेळी तुझ्याकडे बघत राहिले होते. या वेळी बघणार नाही.

एल्या